पावसाळा सरला की पिझ्झा भट्टीचा तळ तापत नाही: ओल कुठे साठते आणि ती काढायची कशी

ऑक्टोबरात पाऊस उघडतो, घरी चार माणसं जमतात, दीड तास भट्टी पेटवली जाते. घुमटाची काजळी जळून आतली वीट पांढरी पडते, म्हणजे वरची बाजू तयार. पिझ्झा आत सरकवला की दोन मिनिटांत वरचं चीज करपायला लागतं. फावड्यावर घेऊन खालची बाजू बघावी तर पांढरीफटक, बोट लावलं की पीठ चिकटतं. मग वाटतं लाकूड कमी पडलं. अजून घालतो, वरची बाजू अजून करपते, खाली तेच. आणि हाच तळ जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत आपोआप सुधारतो, म्हणून आपण ते विसरूनही जातो. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पहिले पाढे.

हे दरवर्षी ज्यांच्याकडे होतं त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्याकडे सलग तीन वर्षं झालं. पहिली दोन वर्षं मी चुकीच्या जागी उपाय करत होतो, आणि त्यातल्या एका उपायाने नुकसानच झालं. तुमचे पैसे आणि ती दोन वर्षं वाचावीत म्हणून सगळं तपशिलात सांगतो.

आमचं घर कुडाळजवळ. परसात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) तीन भिंती, त्यावर ४ इंची आरसीसी स्लॅब, स्लॅबवर इन्सुलेशन म्हणून, म्हणजे उष्णता खाली जाऊ नये म्हणून, व्हर्मिक्युलाइट (एक हलकं, सच्छिद्र खनिज) आणि सिमेंटचा (५ ला १) ४ इंचाचा थर, त्यावर फायर ब्रिकचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या विटांचा तळ. मग आतून ४० इंच व्यासाचा घुमट, घुमटावर सिरॅमिक ब्लँकेटचे (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचे) दोन थर आणि बाहेरून गिलावा. भिंतींच्या मधल्या पोकळीत लाकडं ठेवतो. घरगुती भट्ट्या थोड्याफार फरकाने अशाच असतात. फरक आहे तो पावसाचा. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

आधी हे ओलीचंच दुखणं आहे का ते ठरवा

इन्फ्रारेड थर्मामीटर नसेल तर आधी तो घ्या. स्वस्तातले बरेच ३८० किंवा ४०० अंशांना थांबतात; ५५० पर्यंत वाचणारा बघून घ्या. तळाचं तापमान घेताना निखारे बाजूला ओढा, राख झाडा आणि उघड्या विटेवर मोजा. राखेवर मोजलेला आकडा कामाचा नाही.

नेपल्समधल्या पिझ्झेवाल्यांची १९८४ साली स्थापन झालेली संघटना तळाला साधारण ३८० ते ४३० अंश आणि घुमटाला ४८५ च्या आसपास तापमान धरते. तिथे पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. आपल्याकडे तळ ३५० ला पोचला तरी दोन-तीन मिनिटांत उत्तम पिझ्झा होतो. माझी भट्टी मार्चमध्ये दीड तासात तळाला ३८० दाखवायची. ऑक्टोबरात त्याच दीड तासात, तेवढ्याच लाकडात १९०. तीन तासांनी कसाबसा २६०. आणि एक पिझ्झा भाजला की तळ ४० अंशांनी खाली.

आता फरक ओळखायचा कसा? तळ अगदी पहिल्या दिवसापासून, एप्रिल-मेमध्येसुद्धा तापत नसेल, तर तळाखाली इन्सुलेशन नाही किंवा फार पातळ आहे. ते वेगळं काम, त्यात इथे शिरत नाही. दोन-तीन पिझ्झे चांगले होऊन मग तळ गार पडत असेल, तर बहुतेक वेळा निखारे तळावर पसरायचे राहिलेले असतात. सुरुवातीचा विस्तव मध्यभागी करायचा, तो चांगला अर्धा तास तळभर पसरू द्यायचा आणि मगच एका कडेला लोटायचा. नुसती एका बाजूला ज्योत ठेवली तर घुमट तापतो, तळ तसाच राहतो. भाकरीचा तवा न तापवता नुसती वरून धग दिली तर जे होईल तेच.

पण तळ उन्हाळ्यात व्यवस्थित आणि पावसाळ्यानंतर थंड, असं चक्र असेल, तर शंका ओलीचीच घ्या. अजून एक खूण फार बोलकी आहे. रात्री शेवटचा पिझ्झा काढल्यावर निखारे ओढून घ्या, तोंडाला झाकण लावा आणि सकाळी बारा तासांनी तळ मोजा. माझ्या कोरड्या भट्टीत मार्चमध्ये सकाळी २१० अंश असायचे, त्यावर दुसऱ्या दिवशी पाव भाजून व्हायचे. ऑक्टोबरात सकाळी ७०. तेवढी उष्णता रात्रीत गेली कुठे, हा प्रश्न मी पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता.

पाणी एवढं नुकसान का करतं

व्हर्मिक्युलाइट असो, त्याच्यासारखंच हलकं परलाइट असो की ब्लँकेट, उष्णता अडवते ती त्यातली अडकलेली हवा. त्या हवेच्या जागी पाणी भरलं की खेळ संपतो, कारण पाणी हवेपेक्षा २०-२५ पट उष्णता वाहून नेतं. म्हणजे तळाखाली गादी होती, तिथे आता ओलं फडकं आहे.

त्यात ते पाणी आधी उकळावं लागतं. हिशोब करून बघा. चार फूट बाय चार फूट, जाडी ४ इंच: हा थर साधारण दीडशे लिटर आकारमानाचा. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात जरी पाणी शिरलं तरी ५० लिटर झालं. एक लिटर पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे अडीच हजार किलोज्युल लागतात, ५० लिटरांना सव्वा लाख. सुकं लाकूड किलोमागे १५ हजारांच्या आसपास देतं. म्हणजे आठ-साडेआठ किलो लाकडाची सगळीच्या सगळी उष्णता फक्त त्या पाण्यात जायला हवी. प्रत्यक्षात विस्तवाची बरीच उष्णता तोंडातून आणि धुराड्यातून बाहेर जाते, उरलेल्यातली बरीच घुमट घेतो. तळाच्या विटांमधून खाली झिरपणारा वाटा अगदी थोडा. एका संध्याकाळच्या विस्तवाने ही ओल निघत नाही, ती निघायला दोन-तीन महिने लागायचे ते यामुळे.

माझ्या दोन चुका

पहिल्या वर्षी मला घुमटाच्या गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. पाणी इथूनच जातंय असं मनात पक्कं बसलं. दुकानात सांगितल्याप्रमाणे गच्चीला लावायचा वॉटरप्रूफ रंग आणला आणि दोन हात मारले. आत आधीच ओल होती. भट्टी पेटवली, वाफ बाहेर यायला लागली आणि तिला वाटच उरली नाही. तिसऱ्या पेटवणीला घुमटाच्या पाठीवर ताटाएवढा फुगा आला आणि गिलावा रंगासकट सुटून आला. आतलं ब्लँकेट पिळलं तर पाणी गळत होतं. घुमटावर रबरासारखा रंग कधीच लावू नका. भट्टीच्या बाहेरच्या थराने पाऊस अडवायचा असतो, पण आतली वाफ सोडायचीही असते. गिलावा चुन्याचा करा, आणि घुमटाच्या माथ्यावर, ब्लँकेटपर्यंत पोचणारी अर्ध्या-पाऊण इंचाची धातूची नळी टोपीसकट बसवा. पेटवल्यावर त्या टोपीला हात लावून बघा. बोटं ओली झाली तर आत अजून पाणी आहे. इतकी साधी आणि खरी सांगणारी दुसरी खूण मला माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी पत्र्याची शेड घातली. ती हवीच होती, त्याबद्दल खंत नाही. घुमट पूर्ण कोरडा राहिला. तरी ऑक्टोबरात तळाचा आकडा होता तसाच. इथे मात्र मी हात टेकले.

चिरा कुठून ओला आहे ते बघा

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात न्हाणीघराच्या कामाला गवंडी आले होते. वयस्कर माणूस, आयुष्य चिऱ्याच्या बांधकामात गेलेलं. चहा घेताना भट्टीकडे बघत म्हणाले, "चिरो पाणी पिता, दादा. पण ह्यो वरसून पिता हा."

मी वाकून बघितलं. जमिनीतून ओल चढत असेल तर भिंत खालून काळपट दिसते आणि वर जाईल तशी कोरडी होत जाते. आमच्या भिंतींचं नेमकं उलटं होतं. जमिनीलगतचे चिरे कोरडे, तांबूस. स्लॅबच्या लगेच खालचा थर मात्र काळपट, त्यावर शेवाळ, आणि सांध्यात पांढरा लोणा फुटलेला. म्हणजे पाणी स्लॅबवरून खाली उतरत होतं. स्लॅबवर म्हणजे कशात? इन्सुलेशनच्या थरात.

खात्री करायला आम्ही तळाची तोंडाजवळची एक वीट काढली. तळाच्या विटा मॉर्टरने चिकटवलेल्या नसतात, वाळू आणि फायर क्लेच्या (उष्णता सोसणाऱ्या मातीच्या) पातळ थरावर नुसत्या बसवलेल्या असतात, त्यामुळे दोन बाजूंनी पातळ पट्ट्या घालून हळूहळू वर घेता येते. तुमची भट्टी तशी असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करा. विटेच्या खालची वाळू मोदकाच्या सारणासारखी गोळा होऊन वर आली. ती मुठीत दाबली तर मूठ सोडल्यावरही बोटांचे ठसे तसेच. चार महिने भट्टी पेटली नव्हती, वर शेड होती, तरी ही अवस्था.

मग लाकडाच्या कप्प्यात उताणं पडून गवंड्यांनी स्लॅबला खालून १२ मिमीच्या बिटने भोक मारलं. आधी करडी, कोरडी काँक्रीटची पूड पडली. चार इंच झाल्यावर बिट एकदम मऊ जागेत गेला आणि पूड यायची थांबून भिजवलेल्या कणकेसारखं काहीतरी सोनेरी, चमकणारं बाहेर यायला लागलं. ते ओलं व्हर्मिक्युलाइट. बिट ओढून घेतला आणि त्यामागून पाण्याची धार लागली. धारच, थेंब नव्हे. ती मंद होत थांबली तेव्हा खालचा पाच लिटरचा डबा अर्ध्याच्या वर गेला होता, आणि रात्रभर टपकणं चालू होतं.

स्लॅब म्हणजे परात झाली होती. सपाट, कडेने बंद, आणि पाणी निघायला एकही वाट नाही. वर गादी, खाली परात.

पाणी परातीत आलं कसं

आमचा स्लॅब घुमटापेक्षा सगळीकडून सहा इंच बाहेर होता. पुढे ताट-फावडं ठेवायला बरं म्हणून तसा केला होता. शेड होती, पण नैऋत्येकडून झड यायची ती त्या सहा इंचांच्या कट्ट्यावर. कट्टा सपाट, किंबहुना किंचित आत उताराचा. घुमटाचा गिलावा जिथे स्लॅबला टेकतो तिथे एक बारीक फट सगळ्या बाजूंनी फिरलेली होती. भट्टी तापली की प्रत्येक थर वेगवेगळा प्रसरण पावतो. ४०० अंशांना फायर ब्रिक मीटरमागे दोन मिलिमीटरच्या आसपास वाढते, तेवढ्याने हा सांधा उघडायला पुरे. झडीचं पाणी कट्ट्यावर, कट्ट्यावरून फटीत, फटीतून इन्सुलेशनच्या थरात. दिवसाला वाटीभर धरलं तरी चार महिन्यांत किती झालं बघा.

घुमटाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण तो दिसतो. माझं सांगणं एवढंच की घुमट आणि स्लॅबचा सांधा आधी बघा, मग स्लॅबच्या खालची बाजू बघा, घुमटावर शेवटी या.

दुरुस्ती

पाण्याला वाट करून देणं हे पहिलं काम. स्लॅबला खालून पाच-सहा भोकं मारा, एकमेकांपासून फूट-दीड फूट अंतरावर, आणि एक नक्की सगळ्यात सखल जागी. हॅमर ड्रिल वापरा, डोळ्यांना चष्मा लावा, कारण सगळं वरून तोंडावर येतं. बिट सळईला लागला तर आवाज बदलतो. जोर लावू नका, दोन इंच सरकून दुसरीकडे मारा. इन्सुलेशनचा थर लागला की थांबा, तळाच्या विटांपर्यंत जायचं नाही. विजेच्या यंत्राच्या वर पाणी साठलेलं आहे हे ध्यानात ठेवा: हातमोजे, कोरडी लाकडी फळी अंगाखाली, आणि जिथे धार लागेल तिथून यंत्र लगेच बाजूला. भोकं नंतर बुजवायची नाहीत. आत मुंग्या-गांधिलमाशा जाऊ नयेत म्हणून स्टीलची बारीक जाळी दाबून बसवा.

मग कट्ट्याचा उतार. जुना गिलावा खरवडून कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, कडेच्या खालून एक खाच घेतली म्हणजे पाणी चिऱ्यावर न ओघळता थेट खाली टपकेल. घुमट आणि कट्ट्याच्या सांध्याला आधी बारीक सिरॅमिक दोरी दाबून भरली आणि त्यावर गच्चीच्या कोपऱ्यांना मारतात तसा चुन्याचा वाटा (तिरकी भर) मारला. नुसतं सिमेंट भरलं असतं तर दुसऱ्या पेटवणीला तडकलं असतं. दोरी थोडी दबते, म्हणून सांध्याला हलायला जागा राहते. शेडचा पत्रा नैऋत्येच्या बाजूने तीन फूट पुढे काढला आणि पन्हळ लावली.

सिमेंटवरून एक गोष्ट आठवली, ती आतल्या भेगांबद्दल. घुमटाच्या आत बारीक भेगा पडणारच, त्यांना घाबरू नका. तीन-चार मिलिमीटरहून रुंद असेल तीच भरा आणि ती फायर क्लेच्या मॉर्टरने भरा. नुसतं साधं सिमेंट ४०० अंशांच्या पुढे गेलं की त्यातला चुना पाणी सोडतो, आणि पावसाळ्यात तोच चुना हवेतलं दमट पाणी परत पिऊन फुगतो. पुढच्या पेटवणीला ते भुसभुशीत होऊन पिझ्झ्यावर पडतं.

सुकवणं, आणि इथे घाई नको

भोकांतून टपकणं थांबलं म्हणजे थर कोरडा झाला असं नाही. साठलेलं पाणी गेलं, मुरलेलं अजून आहेच. आणि आता मोठा विस्तव केलात तर ते धोक्याचं आहे. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. बाहेर यायला वेळ मिळाला नाही तर ती वीट फोडून वाट काढते. शेजारच्या गावात एका ओळखीच्या भट्टीत असा फट् आवाज होऊन तळाच्या विटेचा तळहाताएवढा पापुद्रा उडाला होता. तोंडासमोर कुणी नव्हतं हे नशीब.

मी सात दिवस दिले. पहिले दोन दिवस फक्त नारळाच्या करवंट्या, आणि तेही थोड्या थोड्या, चार-पाच तास. तळ १०० अंशांच्या खालीच ठेवला. निखारे एका जागी न ठेवता पातळ पसरवले. तोंडाचं झाकण वितभर उघडं, म्हणजे वाफ निघून जाईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी १५० पर्यंत, मग रोज साधारण ५० अंश वाढवत सातव्या दिवशी ३००. या काळात भोकांखाली हात धरला तर कोमट दमट वाफ जाणवायची. पाचव्या दिवसापासून ती कोरडी गरम हवा झाली. रोज रात्री गिलाव्यावर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून ठेवायचो आणि सकाळी बघायचो. आतून थेंब धरले असतील तर दुसऱ्या दिवशी तापमान वाढवायचं नाही, आदल्या दिवसाचंच पुन्हा. एकदा तसं करावं लागलं.

लाकूड चांगलं सुकलेलंच घ्या. बाभूळ किंवा आंब्याचं, पावसाआधी फोडून ठेवलेलं. ओल्या लाकडाची वाफ भट्टीतच फिरते आणि आपण काढतोय ते काम उलटं करते.

आठव्या दिवशी पूर्ण पेटवली. दीड तासाला तळ ३६५. पहिल्या पिझ्झ्याची खालची बाजू बघायला आईने स्वतः फावडं हातात घेतलं. खाली बिबट्यासारखे काळे ठिपके, मधे सोनेरी. ती काही बोलली नाही, दुसरा गोळा लाटायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ १९०.

पुढच्या पावसाच्या आधी

मृग लागायच्या आत शेवटची मोठी पेटवणी करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी राख पूर्ण काढा; राख दमट हवेत पाणी ओढून घेते आणि तळावर चिखल बनून बसते. धुराड्याला टोपी नसेल तर पालथं मडकं घाला. भट्टीला ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, तिच्या आत घाम धरतो. ताडपत्री लावायचीच असेल तर बांबूवर, झडीच्या बाजूला, भट्टीपासून हातभर लांब. पावसाने उघडीप दिली की दर दहा-पंधरा दिवसांनी करवंट्यांचा छोटा विस्तव करा. गोव्यातल्या पोदेराची (पाववाल्याची) भट्टी रोज पेटते, म्हणून तिला ओल धरायला सवडच मिळत नाही. आपल्याला रोज जमत नाही, पण महिन्यातून दोनदा जमतं.

आणि स्लॅबच्या भोकांखाली पत्र्याचे रिकामे डबे ठेवून द्या, चारही महिने. दर रविवारी बघा. डब्यात पाणी दिसलं तर कट्ट्याचा सांधा कुठेतरी उघडला आहे, आणि तो जुलैतच कळतो, ऑक्टोबरात पाहुण्यांसमोर नव्हे. यंदा ऑगस्टच्या शेवटी मी आमचे डबे उलटे केले, तेव्हा त्यातून फक्त चिमूटभर व्हर्मिक्युलाइटची सुकी, चमकती पूड पडली.